खिळे माझे, भिंत कुकाची

कुका माझी धाकटी बहीण. सख्खी, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. कागदावर तिचं नाव रेफुहिओ बाएसा, पण त्या नावानं तिला एकदाच हाक मारली असेल, ती पाद्रीनं, बाप्तिस्म्याच्या दिवशी. मी एन्कार्नासिओन बाएसा. सगळे मला डोन चोन म्हणतात, म्हणजे चोनराव. आमच्या ओहो फ्रिओ गावात कुणालाही विचारा, चोन गवंडी कुठं राहतो. सरहद्दीच्या पुलावरचा कस्टमवालासुद्धा माझ्या दारात आणून सोडील.

ओर्नेलासांच्या जुन्या घरावर शाळेच्या ओब्दुलियाबाई एक पुस्तिका काढतायत. त्या मला म्हणाल्या, "डोन चोन, तुम्ही थोरले. कुकाबद्दल तुम्हीच लिहा." मी म्हटलं, बाई, मी सहावी शिकलेला माणूस. त्या म्हणाल्या, बोलता तसं लिहा. बोलायला मी कधी कमी पडलेलो नाही, म्हणून लिहितोय. पण गोड गोड लिहिणार नाही. खरं असेल तेच लिहीन.

आमचा बाप विटा पाडायचा. कच्च्या, उन्हात वाळवायच्या, हातभर लांब. मी सात वर्षांचा असल्यापासून त्या पालथ्या करायला जायचो. आमच्याकडची रीत अशी की बाप्यानं वीट लावायची आणि बाईनं गिलावा करायचा. वीट जड, तिला ओळंबा लागतो, म्हणून ती बाप्याची. गिलाव्याचा चिखल तळहातानं फिरवायचा, म्हणून तो बाईचा. का, ते कुणी सांगत नाही. आई गिलावा करायची. चाळलेली माती, वाळू, गव्हाचा भुसा, थोडी घोड्याची लीद, आणि रात्रभर भिजवलेल्या निवडुंगाचं चिकट पाणी. कुका चालायला लागली तशी आई तिला भिंतीपाशी न्यायची. तिचा एवढासा पंजा आपल्या पंजाखाली धरायची आणि दोन्ही हात एकदम भिंतीवरून फिरवायची.

मी विटा डोक्यावर घेऊन तिथं उभा असायचो, बघत. आईनं माझा हात कधी धरला नाही. मी बाप्या होतो ना.

सतराव्या वर्षी मी चिवावा शहरात गेलो. चार वर्षं राहिलो आणि सिमेंट शिकून आलो. परत आलो तेव्हा माझ्याकडं तीन थाप्या होत्या, पितळेची लेव्हल होती, आणि पुढच्या वर्षी मिक्सर आला. गावातला पहिला मिक्सर माझा. लोकांना नदीपलीकडच्या अमेरिकेतल्यासारखी गुळगुळीत घरं हवी होती. चिखलाची भिंत म्हणजे गरिबी, असं झालं होतं. बघता बघता अर्ध्या गावाला मी सिमेंट चढवलं. कोणतं काम कोणत्या साली केलं, कुठल्या भिंतीत किती पोती गेली, कुठल्या खोलीचा कोपरा काटकोनात नव्हता, ते मी आजही झोपेतून उठवलं तरी सांगतो. ही माझी बढाई नाही. लोक पैजा लावून विचारतात आणि हरतात.

कुका मात्र चिखलातच राहिली. भाकरीच्या भट्ट्या लिंपायची, देवळाची मागची भिंत सारवायची, म्हाताऱ्या बायांच्या चुली नीट करायची. लोक तिला कुठं अंडी द्यायचे, कुठं घेवडा. मला तिची दया यायची. एकदा मी म्हटलं, "कुका, माझ्या माणसांना जेवण करून दे. रोज देईन. चिखल सोड आता."

ती मला मानो म्हणते, आमच्याकडं भावाला म्हणतात तसं. म्हणाली, "मानो, तू भिंतीला रबरी बूट घालतोस. आत घाम सुटला तर जाणार कुठं?"

"भिंतीला घाम येतो होय? शाब्बास!"

"तुला नाही येत? सिमेंट खातोस का तू?"

माझी माणसं हसली. मीपण हसलो. पण मला ते लागलं.

आता ओर्नेलासांचं घर. पुलाच्या अलीकडं, पहिल्या चौकात. गाव वसायच्या आधी तिथं हे घर होतं, गाव त्याच्या आजूबाजूला वसलं. ओर्नेलास माल वाहायचे, खेचरांचे तांडे त्यांच्या अंगणात उतरायचे. क्रांतीच्या वेळी दोन्ही बाजूंनी याच भिंतीवर गोळ्या मारल्या. माझ्या लहानपणी पोरं त्या भोकांत बोटं घालायची. मग ओर्नेलास गेले, छत पडलं, तुळया कुणीतरी जाळायला नेल्या. कुणी म्हणालं भिंतीत सोनं आहे, म्हणून लोकांनी मागच्या भिंती पोखरल्या. उरली ती दर्शनी भिंत. सतरा वाव लांब, दोन पुरुष उंच, मधे दरवाजा. बाकीच्या भिंती कमरेपर्यंत.

बावीस वर्षांपूर्वी त्या दर्शनी भिंतीला मी सिमेंट चढवलं. फुकट. कुणी सांगितलं नव्हतं. गावात येणारा माणूस पुलावरून उतरला की पहिली ती भिंत बघतो, आणि ती फाटक्या कपड्यांत उभी होती. मी खुराड्याची जाळी आणली, वीतभर लांब खिळे मारून ती भिंतीवर ताणून बसवली, वर दोन बोटं जाड सिमेंट. गोळ्यांची भोकं बुजवली. त्या वर्षी नगराध्यक्षानं सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला. कुका तेव्हा तिथं होती. तिनं भिंतीला हात लावून बघितला आणि निघून गेली.

यंदा नव्या नगरपालिकेनं ठरवलं की घर पाडायचं आणि तिथं ट्रकांचा तळ करायचा. पूल मोठा होतोय, ट्रक वाढलेत. ओब्दुलियाबाईंनी गाव डोक्यावर घेतलं. सह्या, अर्ज, चौकात खुर्ची टाकून बसणं. शेवटी राजधानीतून एक तज्ज्ञ बाई आल्या, जुन्या घरांच्या खात्यातल्या. त्यांनी भिंतीवर बोटांनी टकटक केलं, पोकळ आवाज आला तिथं कान लावला. मग सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हे सिमेंट भिंतीला मारतंय. जमिनीतलं पाणी वर चढतं आणि बाहेर पडायला वाट नाही. आत चिखल झालाय. सिमेंट काढा, पायथा भरा, वरून मातीचा गिलावा करा. तरच ही उभी राहील."

मी तिथंच उभा होतो. मी म्हटलं, "बाई, बावीस वर्षांत एक चीर नाही गेली."

त्या म्हणाल्या, "तेच तर. सगळं आत झालंय."

आणि मग त्यांनी विचारलं, इथं मातीचा गिलावा कुणाला येतो? चाळीस माणसं होती. चाळीसच्या चाळीस माना कुकाकडं वळल्या. त्यात माझी बायको देल्फिनापण होती.

नगरपालिकेनं अट घातली. चार मेच्या सकाळी त्यांचा इंजिनियर येऊन भिंत तपासणार. भिंत सिमेंटशिवाय, नीट, घट्ट उभी असेल तर घर राहील. हलली, पोकळ निघाली, तर त्याच दिवशी बुलडोझर. बुलडोझर आणून चौकाच्या कोपऱ्यावर उभाही केला, म्हणजे कुणाला शंका राहू नये.

चार मेच का, तर तीन मेला आमचा सण असतो. पवित्र क्रुसाचा दिवस, गवंड्यांचा दिवस. जिथं काम चालू असेल तिथं माथ्यावर फुलांनी सजवलेला क्रूस बसवायचा, मग खाली जेवण. क्रूस बसवतो तो त्या कामाचा उस्ताद. एकतीस वर्षं गावातले निम्मे क्रूस मी बसवलेत. आणि यंदा ओब्दुलियाबाई म्हणाल्या, "ओर्नेलासांच्या भिंतीवर क्रूस कुका बसवील."

बाई! क्रूस बाईनं बसवायचा! मी घरी येऊन जेवलो नाही.

देल्फिना म्हणाली, "चोन, पोटात काय दुखतंय?"

"काही नाही."

"दुखतंय. मी पंचवीस वर्षं बघतेय. कुकाचं कुणी बरं म्हटलं की तू जेवत नाहीस."

एप्रिलच्या मध्यावर कुका माझ्याकडं आली. हातात बादली, कपड्यांवर माती. उंबऱ्यात उभी राहिली.

"मानो, जाळीचे खिळे कुठं कुठं मारलेस ते सांग. जाळी ओढून काढली तर खिळ्याबरोबर वीट सुटते. खिळा कुठं आहे कळलं तर तिथं जाळी कापून टाकता येते. खिळा भिंतीतच राहू दे."

मला तेव्हा काय झालं ते सांगतो. तिला माझी गरज लागली याचा आनंद झाला. आणि ती गरज कशासाठी, तर माझं काम काढून टाकायला, याची आग झाली. दोन्ही एकदम.

मी म्हटलं, "बावीस वर्षं झाली. आठवत नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "बरं."

गेली.

मला एकेक खिळा आठवत होता. दोनशे बारा खिळे. तीन वितींवर एक, नागमोडी. दरवाजावरच्या तुळईत एकही नाही, कारण ती तुळई मेस्कितेच्या, दगडासारख्या कठीण लाकडाची आणि खिळे वाकायला लागले. डाव्या बाजूला गोळ्यांची भोकं दाट होती, तिथं आठ खिळे जास्त. सगळं माझ्या डोक्यात होतं, आणि मी आठवत नाही म्हटलं.

त्या आठवड्यात गुरुवारी मी पलीकडच्या गल्लीत माझ्या कामावर होतो. मोठा आवाज झाला, पोतं फुटल्यासारखा. पळत गेलो तर उजव्या कोपऱ्यातून दरवाजाएवढा सिमेंटचा पत्रा सुटून आला होता, जाळीसकट, आणि जाळीबरोबर विटांचा हातभर जाड थर. कुका त्याच्याखाली सापडता सापडता वाचली होती. पत्र्याची कड तिच्या उजव्या खांद्यावर बसली होती. तिच्या मदतीला असलेल्या बायांतली त्रुदिस तिला धरून ओरडत होती, "सुजतोय! सुजतोय बघा!" डॉक्टर म्हणाला, हाड शाबूत आहे, पण महिनाभर हात खांद्याच्या वर उचलायचा नाही.

भिंतीचा उजवा कोपरा उघडा पडला होता आणि मी आत बघितलं. पायथ्याशी विटा राहिल्याच नव्हत्या. ओल्या पिठासारखं काहीतरी होतं आणि त्यावर मिठासारखा पांढरा लोणा. एक कुत्रं झोपेल एवढी पोकळी. वरचा भार माझ्या सिमेंटनं धरलाय असं मी बावीस वर्षं सांगत होतो. ते सिमेंट स्वतःच त्या ओल्या पिठावर उभं होतं.

लोक म्हणाले, जुनी भिंत, कुजलेली, काय करणार. कुणी माझ्याकडं बोट दाखवलं नाही. कुकाचा हात गळ्यात बांधला होता. तिनं सगळ्यांना घरी पाठवलं आणि मग माझ्याजवळ आली.

"मानो," ती म्हणाली, "तुला आठवत नाही असं एकही काम तू आजवर केलेलं नाहीस."

एवढंच. शिवी दिली असती तर मी दोन उलट दिल्या असत्या. पण हे माझंच बोलणं होतं. गावभर मीच ते सांगत फिरलो होतो.

शुक्रवारी सकाळी मी चुन्याची पुडी घेऊन भिंतीपाशी गेलो. शिडी लावली आणि एकेका खिळ्याच्या जागी पांढरी फुली मारत गेलो. पडलेल्या कोपऱ्यातले सोडून दुपारपर्यंत सगळ्या खिळ्यांच्या फुल्या झाल्या. बाया खाली उभ्या राहून बघत होत्या. त्रुदिसनं छिन्नीनं पहिल्या फुलीखाली सिमेंट फोडलं. खिळा. दुसऱ्या फुलीखाली खिळा. पाचव्या फुलीखाली खिळा.

"देवा," त्रुदिस म्हणाली, "हा माणूस आहे की वही? डोन चोन, एवढं अचूक माहीत होतं तर आधी का नाही सांगितलं?"

मी चुन्याची पुडी गुंडाळायला लागलो.

कुका म्हणाली, "आत्ता आठवलं त्याला. म्हातारा झालाय."

बाया हसल्या. तिनं मला वाचवलं, आणि म्हातारा म्हणून वाचवलं. मी एकसष्ट वर्षांचा आहे. अजून सिमेंटचं पोतं खांद्यावर घेऊन जिना चढतो.

मग सिमेंट तुकड्यातुकड्यानं निघालं. फुलीपाशी फोडायचं, पक्कडीनं जाळी कापायची, पत्रा अलगद खाली सरकवायचा. एकही वीट सुटली नाही. जाळीमागून गोळ्यांची भोकं परत दिसायला लागली. बुजवलेली सिमेंटची बुचं कुका एकेक करून काढायची, आणि लोक थांबून टाळ्या वाजवायचे. ती भोकं मी किती मेहनतीनं बुजवली होती ते कुणाला माहीत नव्हतं.

पायथा भरायचं काम विटांचं, म्हणजे माझं. जुन्या मापाच्या विटा आता कुणी पाडत नाही. मी बापाचा लाकडी साचा माळ्यावरून काढला आणि स्वतः पाडल्या. पोकळीत हात घालून, पोटावर झोपून, एकेक वीट आत सरकवली. वरची भिंत माझ्या पाठीवर आहे असं वाटायचं. सत्तेचाळीस विटा. एकही ठोकावी लागली नाही, सगळ्या हातानं बसल्या. हे कुणी दुसरा करून दाखवो.

आणि लोक कुणाकडं बघत होते? कुकाकडं. ती दोन पावलांवर चिखल लावत होती. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, म्हणून मला दर तासाला परांचीची फळी वर चढवावी लागायची. भिंतीचं काम नेहमी तिच्या छातीसमोर राहील इतकी. मी फळी चढवली की ती चढायची. मूठभर चिखल घेऊन भिंतीवर मारायची, थप्प, आणि तळहात अर्धवर्तुळात फिरवायची. पुन्हा थप्प. पुन्हा अर्धवर्तुळ. गोळीचं भोक आलं की एका बोटानं त्याच्या कडेकडेनं फिरायची, भोक तसंच ठेवायची. मी इतकी वर्षं थापी धरली. माझा गिलावा आरशासारखा होतो. पण मी तिच्या हाताकडं बघत राहिलो की फळी चढवायची विसरायचो.

"मानो, फळी."

"हो हो. चढवतोय."

एकदा मी खालच्या बाजूला, कुणी बघत नाही असं बघून, चिखल घेतला आणि तिच्यासारखा मारला. सगळा माझ्या बुटांवर पडला. त्रुदिसनं बघितलं. ती म्हणाली, "डोन चोन, भिंत तिकडं आहे." दिवसभर बाया तेच बोलत होत्या.

दोन मेला संध्याकाळी शेवटचा हात झाला. परांची उतरवली.

तीन मेला दुपारी सगळं गाव चौकात. देल्फिनानं मोठ्या हंड्यात मांस शिजवलं होतं, बायांनी टॉर्टिया आणल्या होत्या, कुणीतरी बिअरचे खोके. मी माझ्या घरी माझा क्रूस तयार करून ठेवला होता, निळ्या कागदी फुलांचा. तो घरीच ठेवला. चौकात कुकाचा क्रूस होता. दोन काड्या, पिवळी फुलं, साधा.

ओब्दुलियाबाईंनी शिडी लावून घेतली आणि म्हणाल्या, "चल, कुका."

कुका शिडीपाशी गेली. डाव्या हातात क्रूस. उजव्या हातानं शिडी धरायला गेली आणि हात खांद्याशी अडला. तिनं दुसऱ्यांदा प्रयत्न केला. तोंड वाकडं झालं तिचं.

मी गर्दीत पुढं उभा होतो. मला ठाऊक होतं तो खांदा कशामुळं गेला. तिलाही ठाऊक होतं. बाकी कुणालाच नाही.

ती वळली आणि सरळ माझ्याकडं आली. क्रूस पुढं केला.

"तू बसव."

"तूच बसव. मी खालून धरतो."

"मानो, वेळ काढू नकोस. मांस थंड होतंय."

मी क्रूस घेतला आणि चढलो. एकतीस वर्षं मी क्रूस बसवलेत, पण ती शिडी एकेक पायरी मोजत चढलो. माथ्यावर ओल्या चिखलात क्रूस रोवला. खाली फटाके वाजले, टाळ्या वाजल्या, कुणीतरी ओरडलं, "डोन चोनचा विजय असो!" मला हवं होतं ते मिळालं होतं. कसं मिळालं ते मला माहीत होतं. खाली आलो तेव्हा देल्फिनानं ताट पुढं केलं आणि मी दोन घास खाल्ले.

मग मी कुकाजवळ गेलो आणि म्हटलं, "मला तेव्हाही आठवत होतं. खिळ्यांचं."

ती टॉर्टियात मांस भरत होती, डाव्या हातानं, सांडत सांडत. म्हणाली, "मला माहिताय."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय झालं असतं? तू आणखी आठ दिवस विसरला असतास."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता इंजिनियर आला. तरुण माणूस, इस्त्रीचा शर्ट. मीपण इस्त्रीचा शर्ट घातला होता. बुलडोझरवाला आधीच येऊन आपल्या यंत्राला टेकून कॉफी पीत होता. इंजिनियरनं ओळंबा सोडला. दोन बोटं बाहेर. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. मी म्हटलं, "साहेब, ती बांधली तेव्हापासून दोन बोटं बाहेर आहे. मी बावीस वर्षांपूर्वी मोजली होती, तेव्हाही दोनच होती." त्यानं माझ्याकडं बघितलं आणि लिहिलं.

मग त्यानं दोन्ही हातांनी भिंत ढकलली. मग आपल्या गाडीच्या ड्रायव्हरला बोलावलं आणि दोघांनी ढकलली. भिंत ढिम्म. मग गुडघ्यावर बसून लोखंडी सळई घेतली आणि पायथ्याला, उजव्या कोपऱ्यात, जिथं पोकळी होती तिथं, टोचली. कुका माझ्या शेजारी उभी होती. सळई बोटभर गिलाव्यात गेली आणि खट्ट झाली. त्यानं आणखी तीन ठिकाणी टोचली. खट्ट. खट्ट. खट्ट. त्या माझ्या विटा होत्या.

तो उठला, गुडघे झटकले. "राहील," म्हणाला. "ट्रक नाल्यापलीकडं उभे करावे लागतील." गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. मग विचारलं, "मुख्य कारागीर म्हणून कुणाचं नाव घालू?"

ओब्दुलियाबाई म्हणाल्या, "रेफुहिओ बाएसा."

जागा एकाच नावाची होती. मी बघितली होती, खांद्यावरून वाकून.

कुका म्हणाली, "लिहा. भिंत माझी." आणि अंगठ्यानं माझ्याकडं खूण करून, "खिळे याचे."

सगळे हसले. इंजिनियरला काही कळलं नाही, पण तोही हसला. बुलडोझरवाल्यानं कॉफीचा उरलेला घोट रस्त्यावर ओतला आणि यंत्र सुरू करून निघून गेला.

लोक भिंतीला हात लावायला लागले. डोन क्विरिनो न्हावी, नव्वदीचा, काठी टेकत आला. त्यानं चिखलातल्या अर्धवर्तुळावर आपला तळहात ठेवला, तंतोतंत.

"हा कुकाचा हात," तो म्हणाला. "तुझ्या आईचापण असाच होता. लगेच ओळखू येतो."

मी म्हटलं, "त्याच्या मागं माझ्या सत्तेचाळीस विटा आहेत."

"दिसत नाहीत रे."

"भिंत दिसते ना?"

तो हसायला लागला, दात नसलेल्या तोंडानं. तेवढ्यात मागून कुकाचा आवाज आला.

"मानो, तुझं बोलणं झालं असेल तर चल. अंगणातली कमरेएवढी भिंत ऊन तापायच्या आत लिंपायचीय. ती लिंपली नाही तर पुढच्या वर्षी ती जाईल आणि मग या दर्शनी भिंतीचा नंबर."

"चिखल बायांचं काम आहे."

"मग बादल्या वाहायला तरी चल. ओझं वाहणं बाप्यांचं आहे ना?"

तिच्यापुढं दोन बादल्या होत्या, एक मोठी, एक लहान, काठोकाठ चिखलानं भरलेल्या. ती मोठीच्या कडीला डावा हात घालत होती. मी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या. मोठी मी उचलली.